श्वासाच्या विकाराचा शोध



महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत आम्हीं वैद्यकाचा विषय कां घेतला, असें कित्येकांनीं विचारलें. आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्यासाठीं आम्ही घरोघर जातों. पुष्कळ ठिकाणीं उशांना टेकून बसलेलें माणूस दोन शब्द बोलतें व श्वासासाठीं थांबतें, आणि घरचीं माणसें म्हणतात, "फादर, वय झालें, दुसरें कांहीं नाहीं." सर्व कांहीं वयाच्या माथीं मारणें आम्हांस मान्य नाहीं. म्हणून हा विषय.

एम्फिसीमा या विकारांत फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांच्या भिंती नाश पावतात, व अनेक लहान कोशांचा एक मोठा, ढिला कोश होतो. श्वास आंत जातो. पण तो बाहेर लोटण्यास लागणारी लवचिकता उरत नाहीं, आणि शिळी हवा आंतच कोंडते.

याचें पहिलें उत्तम वर्णन करणारे रेने लाएनेक हे फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताचे, मोठे निष्ठावंत कॅथोलिक. १८१६ सालीं पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांत एका तरुण स्त्रीच्या छातीस कान लावणें त्यांस प्रशस्त वाटेना, तेव्हां त्यांनीं कागदाची सुरळी करून तिच्यांतून ऐकलें. हाच स्टेथास्कोपचा जन्म. पुढें ते लांकडी नळ्या स्वतः चरकावर कातीत. ज्या छातीवर बोटानें ठोकतां पोकळ, मोठा नाद येतो, पण नळींतून श्वासाचा ध्वनि जेमतेम ऐकूं येतो, तिच्यांत हा विकार आहे, हें त्यांनीं ओळखलें. आणि मृतांचीं फुप्फुसें हवेनें फुगवून, वाळवून व कापून त्यांतील फुगलेले कोश डोळ्यांनीं पाहिले. १८१९ च्या त्यांच्या ग्रंथांत हें सर्व आहे. एवढी चिकाटी आम्हांस तरी एक प्रकारची उपासनाच वाटते.

कानानंतर मापन आलें. १८४६ सालीं लंडनमध्यें जॉन हचिन्सन यांनीं श्वास मोजण्याचें यंत्र, स्पायरोमीटर, पुढें आणलें. आज त्यांत रोग्यानें जोरानें फुंकावयाचें असतें. श्वासनलिका रुंदावणारें औषध दिल्यावरही एकूण फुंकलेल्या हवेचा ७० टक्क्यांहून कमी भाग पहिल्या सेकंदांत बाहेर पडला, तर वाट अडली आहे असें समजतात. आरंभीं साध्या क्षकिरणचित्रांत कांहींच न दिसण्याचा संभव असतो; कोशांची हानि सीटी स्कॅनमध्यें स्पष्ट दिसते.

कारणांविषयीं म्हणाल तर तंबाखूचा धूर हें मुख्य, यांत वाद उरलेला नाहीं. परंतु १९६३ सालीं स्वीडनमध्यें लॉरेल व एरिक्सन यांस सुमारें १५०० रक्तनमुन्यांपैकीं पांचांत एक प्रथिन जवळजवळ नाहींसें आढळलें, आणि त्या पांचांपैकीं तिघांस ऐन उमेदींत एम्फिसीमा झालेला होता. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नांवाचें हें प्रथिन यकृतांत तयार होतें व फुप्फुसाचा पहारा करितें. रक्तांतील पांढऱ्या पेशींचा एक पाचक रस फुप्फुसांतील लवचिक तंतु खाऊं पाहतो. त्यास तें आवरतें. तंबाखूचा धूर त्या पेशींना फुप्फुसांत गोळा करितो व पहारेकऱ्यासही लुळा करितो. कोणास तो पहारेकरी जन्मतःच लाभत नाहीं.

आणि ज्या भगिनींनीं विडीस उभ्या जन्मांत हात लावला नाहीं, त्यांचें काय? २००९ सालीं पुण्याचे संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, जगांत तंबाखू ओढणारे सुमारें १०० कोटि, तर लांकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरांत राहणारे सुमारें ३०० कोटि. चुलीचा धूर वायुकोशांपेक्षां श्वासनलिकांना अधिक पीडितो, असें स्कॅनवरून दिसतें. पण दम दोहोंनींही लागतो, व फुंकण्याच्या यंत्रांत दोन्ही सांपडतात.

नाश पावलेली भिंत पुन्हा उभी राहत नाहीं. मात्र विडी सोडली तर ऱ्हासाचा वेग मंदावतो, हें कोणत्याही वयांत खरें आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं कोणी पायऱ्या चढतांना मध्येंच थांबतें, त्यांनीं डॉक्टरांकडे "दमा असेल" एवढेंच सांगून औषध मागूं नये. चुलीपाशीं किंवा धुळीच्या कामांत किती वर्षें गेलीं, तेंही सांगावें, आणि फुंकण्याची तपासणी कोठें होते, हें विचारून घ्यावें. तीस सुई लागत नाहीं, आणि अर्ध्या तासाहून फारसा वेळही लागत नाहीं.