पगाराची चिठ्ठी वर्गात येऊ द्या



आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा शाळेत काय शिकवावे हे सांगण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. आमचे उत्तर एवढेच की, शाळेने जे शिकवले नाही त्याची किंमत आम्ही रोख मोजली आहे.

चक्रवाढ व्याजाच्या गणितात आम्हाला पैकीच्या पैकी गुण होते. सूत्र आजही पाठ आहे. कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका सोबत्याच्या कर्जाला आम्ही जामीन राहिलो. कागद वाचला नाही. मित्राचा कागद वाचणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे वाटले. सोबती काम सोडून गेला आणि त्याचे हप्ते अडीच वर्षे आमच्या पगारातून कापले गेले. सूत्र येत होते. पण जामीन म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे, कर्ज बुडाले तर तोच देणेकरी, हे एका ओळीचे ज्ञान नव्हते. त्या अडीच वर्षांत धाकट्या बहिणीची शाळा सुटली. तो हिशेब आम्हाला अजून मिटवता आलेला नाही.

हे दुखणे जुने आहे. ज्या १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण जो आपल्याला वाचता येत नाही, त्याची भीती किती असेल याची कल्पना करा! पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, फेडलेल्या पैशाची पावती मिळावी, अशा तरतुदी आल्या. आज साक्षरता आली. पण मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज घेताना लांबलचक अटींखालचे ‘मान्य आहे’ हे बटण आपण न वाचताच दाबतो. अंगठा तोच आहे.

गेली काही वर्षे आम्ही युनियनच्या कचेरीत नववी-दहावीच्या मुलांचा रविवारचा वर्ग चालवतो. पुस्तक नाही. घरातला एक कागद आणायचा, एवढाच नियम. एका मुलीने वडिलांच्या कर्जाचा कागद आणला. कर्ज १२,००० रुपये, मुदत एक वर्ष, व्याज १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये, आणि दरमहा हप्ता १,१२० रुपये. वरवर सारे सरळ. मुलीने विचारले, “काका, दर महिन्याला मुद्दल फिटते आहे, मग व्याज शेवटपर्यंत पुऱ्या १२,००० वर कसे?” आम्ही तिलाच फळ्यावर हिशेब मांडायला लावले. पहिल्या महिन्यात अंगावर १२,०००, शेवटच्या महिन्यात १,०००. म्हणजे वर्षभरात सरासरी ६,५०० रुपयेच वापरायला मिळाले. त्यावर १,४४० रुपये व्याज, म्हणजे दर २२ टक्क्यांच्या आसपास! वर्ग थक्क झाला. ते कर्ज काही परत फिरले नाही, सही झालेली होती. पण पुढच्या वेळी वडिलांनी कागद सहीच्या आधी घरी आणला. आमच्या मते शिक्षण याला म्हणावे.

असेच दुसरे कागद आहेत. पगाराच्या चिठ्ठीत भविष्य निर्वाह निधीची कपात दिसते. ती खरोखर खात्यात भरली की नाही हे पाहायचे असते, हे किती जणांना ठाऊक आहे? बँकेतील ठेवीला २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे, दर बँकेत, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. दोन्हीकडे काउंटर सारखाच, पासबुकही सारखेच. आणि सावकाराचे ‘शेकडा पाच’ ऐकायला लहान वाटते. पण ते दरमहा असते. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले, तर १,००० चे वर्षात जवळपास १,८०० होतात.

आमचे काही सहकारी आम्हाला म्हणतात, “पगार तुटपुंजा आहे तो भांडून वाढवायचा, की पोरांना काटकसरीची प्रवचने द्यायची?” आक्षेप खोटा नाही. हिशेब लिहिल्याने पगार वाढत नाही, आणि गरिबी म्हणजे गरिबाचा गबाळेपणा, असे जो शिकवील त्याला आम्ही वर्गात पाऊल ठेवू देणार नाही. तथापि दहा वर्षे भांडून मिळवलेली वाढ एका न वाचलेल्या सहीने जाताना आम्ही पाहिली आहे. कारखाना बंद पडला तेव्हा मिळालेली एकरकमी रक्कम काही घरांत दोन वर्षेही टिकली नाही. मिळवणे ही अर्धी लढाई, राखणे ही उरलेली अर्धी.

दुसरी सावधगिरी अशी की, हा विषय विमा आणि शेअर विकणाऱ्यांच्या हाती देऊ नये. ज्याला गिऱ्हाईक हवे आहे तो शंका विचारायला शिकवणार नाही. शिकवावे ते गणिताच्या शिक्षकांनीच.

म्हणून आमची मागणी लहान आहे. नववीत आठवड्याला एक तास. त्यात पगाराची चिठ्ठी, विजेचे बिल, कर्जाचा कागद आणि पासबुक. परीक्षा नको. पालकहो, मुलांपुढे पैशाची गोष्ट काढू नये, ही आपली जुनी रीत. पण घरातली ओढाताण मुलांना दिसतेच. फक्त तिचे कारण दिसत नाही. आज घरी गेल्यावर कपाटातला एक कागद काढा आणि मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. अडेल तिथे दोघांनी मिळून थांबा. आमच्या घरी हे कोणी केले असते, तर आमची बहीण शिकली असती.