लिहिणाऱ्याला सोबत हवी
(आसेगाव येथे लेखन-मेळाव्यात केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला 'लेखन ही एक सेवा' असा विषय दिला होता. विषय चांगला आहे, पण त्यावर बोलायला माझ्यापेक्षा योग्य माणसे आहेत. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, मुलांच्या वह्या लाल शाईने तपासल्या. म्हणून आज मी सेवेबद्दल थोडे आणि माझ्या एका चुकीबद्दल जास्त बोलणार आहे.

जे पहिल्यांदाच आले आहेत त्यांना आमच्या बैठकीची माहिती देतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत आम्ही सात-आठ जण बसतो. कोणी गीत लिहून आणतो, कोणी साक्ष, कोणी आपल्या वस्तीची हकिकत. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तिघेच उरतो. जे ऊसतोडीला गेलेले असतात ते फोनवर बोलून पाठवतात आणि इथला कोणीतरी ते वहीत उतरवून घेतो. एवढाच आमचा पसारा. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. चहा मात्र असतो.

चार वर्षांपूर्वी आमच्यात आंध समाजाची एक मुलगी येऊ लागली. बारावी झालेली, अबोल. तिसऱ्या बैठकीला तिने दोनशेपानी वही आणली. त्यातली अठरा पाने भरलेली होती. सगळ्या आजीच्या आठवणी. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आजी, रेशनवर मिळालेली लाल मिलो, सुकडीसाठी लावलेली रांग, आणि खडीच्या ढिगाजवळ झोळीत टाकलेले लेकरू. मुलीने जसे ऐकले तसे लिहिले होते. 'बुढी म्हने', 'मंग आमी निंगालो', 'भाकर व्हती पण कोड्यास नोतं'. ती वाचत होती आणि खोलीत कोणी हलले नाही.

वाचन संपले आणि मी खिशातून लाल पेन काढले. 'बुढी' खोडून 'आजी' केले, 'व्हती' खोडून 'होती'. एक भाऊ म्हणाले, शेवटी एक वचन घाल. दुसरे म्हणाले, आजीचा पालट कसा झाला ते आधी यायला हवे, दुष्काळ नंतर. प्रत्येकाने प्रेमानेच सांगितले, हे मी शपथेवर सांगतो. ती प्रत्येकाला 'हो गुरुजी', 'हो काका' म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिने स्वच्छ प्रत आणली. अठरा पानांची सहा झाली होती. एकही चूक नव्हती. आजीही नव्हती. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ती आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिची आजी गेली, आणि वहीतली उरलेली पाने कोरीच राहिली.

ही गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती, तेव्हा मी आपल्या जुन्या लेखकांकडे वळलो. त्यांना लिहिते कोणी केले, हे शोधू लागलो. 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघते आहे, म्हणजे आपल्या लोकांच्या हाती लेखणी काही काल आलेली नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव आपण सगळे जाणतो, त्यांची गीते दर रविवारी गातो. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. दोघांच्या संसारात भांडणे होती, पैसा टिकत नव्हता, घरी कोण जेवायला येईल याचा नेम नव्हता. अशा घरात लेखक घडले. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झाले, तिथे सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे कविता म्हणून गेला. तोच बालकवी. टिळकांनी त्या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. तो ख्रिस्ती नव्हता, आणि तशी अटही कोणी घातली नाही. मुलाला आधी जेवायला घातले गेले, आणि त्याच्या कविता त्याच्याच राहिल्या. मला ही बाब फार मोठी वाटते.

पण माझ्या कामाच्या त्या लक्ष्मीबाई. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, लग्नानंतर अक्षरे शिकलेली. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, ते पुढे नेऊन पुरे केले ते लक्ष्मीबाईंनी. मग मुलगा देवदत्त यांच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहिल्या, त्या 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ चा. ते पुस्तक वाचताना बाई चुलीपाशी बसून आपल्याशी बोलत आहेत असे वाटते. स्वतःची फजिती त्या हसत हसत सांगतात. कल्पना करा, त्या घरात माझ्यासारखा एखादा मास्तर लाल पेन घेऊन बसला असता तर? मराठीचे केवढे नुकसान झाले असते!

पंडिता रमाबाईंचेही तसेच. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते, विद्वानांसाठी लिहिणे त्यांना सहज जमले असते. पण केडगावला मुक्तीत बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले ते साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून पुरे झाले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत तिथल्या स्त्रियांचे हात त्याला लागले.

आता आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे येऊ. १८४५ साली नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप गोंड लोकांमध्ये फिरत. लिंगोची कथा त्यांनी प्रधान गायकांकडून ऐकून लिहून घेतली, गोंडी शब्दांसह. १८६३ मध्ये ते ओढ्याच्या पुरात बुडून वारले. कागद तसेच पडून राहिले असते, पण रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली ते छापले. मेळघाटात जॉन ड्रेक यांनी १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण छापले. या माणसांनी आधी कान दिला, म्हणून त्यांच्या हातून काही टिकले. मात्र एक गोष्ट मला खुपते. सांगणारा वस्तीवरचा आणि लिहिणारा बाहेरचा, असे दीडशे वर्षे चालले. आज सांगणाऱ्याची नात स्वतः वही घेऊन आपल्या दारात आली, आणि आम्ही तिला परत पाठवले. बाहेरच्या साहेबाने ऐकले आणि घरच्या गुरुजीने ऐकले नाही.

म्हणून आम्ही बैठकीची रीत बदलली. वाचन चालू असताना कोणाच्याही हातात पेन नसते. माझे पेन तर चहा करणाऱ्या ताई दारातच काढून घेतात. वाचून झाले की लिहिणाऱ्याला आम्ही एवढेच विचारतो, 'पुढे काय झालं?' बहुतेक वेळा त्या प्रश्नानेच पुढची चार पाने येतात. शुद्धलेखन छापायच्या वेळी पाहतो, आणि बोलीतला शब्द लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय बदलत नाही. वचन घालायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. एका भावाने आपल्या बैलाच्या मरणावर लिहिले, त्यात देवाचे नाव एकदाही नाही. काहींना ते पटले नाही. मला विचाराल तर ती प्रार्थनाच होती, पण मी हे त्याला सांगितले नाही, नाहीतर तो पुढच्या वेळी मुद्दाम तशी लिहील.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, दुसऱ्याने लिहावे, आणि लिहिलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्यांनी 'असं नोतं म्या म्हटलं' म्हटले की ते खोडावे. आणि कोणाच्या घरातले दुःख त्याच्या परवानगीशिवाय छापायचे नाही. मदत मागण्यासाठी दुसऱ्याची गरिबी सजवून लिहिणे मला पटत नाही. आपल्या या पत्रिकेलाही मी हे सांगितले आहे, आणि संपादकांनी ते मान्य केले आहे.

आता त्या मुलीविषयी. तिचे लग्न झाले, दोन लेकरे आहेत. दिवाळीनंतर मी तिच्या सासरी गेलो. ओसरीवर बसून तिची माफी मागितली. ती खाली पाहत राहिली. मी विचारले, "बाई, जुनी वही आहे का?" तिने पेटीतून काढली. लाल रेघांची ती अठरा पाने तशीच होती. म्हटले, "माझं खोडलेलं सोडून दे, तुझं वाच." ती म्हणाली, "आता कायले गुरुजी, बुढी तं गेली." तेवढ्यात आतून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "वाच नं वं, मलेबी आयकू दे."

तिने वाचले. अठरा पाने संपल्यावर तिने वही मिटली नाही, आठवेल तसे पुढचे सांगत राहिली. ते सगळे मी फोनवर टिपून आणले आहे. नाव सांगायचे नाही या अटीवर तिने ते ऐकवायला परवानगी दिली आहे. वीसेक मिनिटांचे आहे. मध्ये लेकरू रडते, ते तसेच ठेवले आहे.

पाळकसाहेब, जरा पंखा बंद करता का? तिचा आवाज बारीक आहे.