अतिदक्षता विभागात आप्तांचे स्थान

(डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर एका अतिदक्षता-तज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेले कुटुंब आपण सर्वांनी पाहिले आहे. कदाचित आपल्यापैकी काहीजण तेथे बसलेही असतील. हातात औषधांची पिशवी आणि नजर दाराच्या काचेकडे. सकाळी दहा मिनिटे, सायंकाळी दहा मिनिटे, तेही एकानेच आत जाऊन पाहायचे. उरलेले तेवीस तास चाळीस मिनिटे केवळ वाट पाहण्याची! हा नियम मी अनेक वर्षे कसोशीने पाळला आणि इतरांकडून पाळून घेतला. आज त्या नियमाविरुद्ध बोलण्यासाठीच मी आपल्यापुढे उभा आहे.

असे का झाले ते सांगतो. कोकणातील एक वृद्ध गृहस्थ न्यूमोनियाने आमच्याकडे दाखल झाले होते. श्वसनयंत्र निघाले, ताप उतरला. पण तिसऱ्या रात्री त्यांचे भान हरपले. ते नळ्या उपसू लागले, परिचारिकांवर ओरडू लागले. आम्ही त्यांचे हात पलंगाला बांधले. मुलगी दाराबाहेरच होती, परंतु भेटीची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ परिचारिकेने मला न विचारता तिला आत घेतले. मुलीने पिशवीतून वडिलांचा चष्मा आणि श्रवणयंत्र काढले, त्यांना लावले आणि म्हणाली, "बाबा, मी इलंय." हळूहळू त्यांचा आकांत ओसरला. सायंकाळी आम्ही त्यांचे हात सोडले. तो चष्मा आणि ते श्रवणयंत्र तीन दिवस दाराबाहेरच्या पिशवीत होते. आमच्यापैकी कोणी त्याविषयी विचारलेच नव्हते!

या अवस्थेला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. तीव्र आजार, गुंगीची औषधे, मोडलेली झोप आणि दिवसरात्रीचे सुटलेले भान यांतून ती उद्भवते. औषधोपचार आम्ही करूच. पण आज वार कोणता, अंगणातला आंबा मोहरला का, हे ओळखीच्या आवाजात कोण सांगणार?

प्रारंभ माणसाच्या हातापासून

अतिदक्षता म्हणजे यंत्रे, असा आपला समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वसनयंत्रे अपुरी पडली. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णाच्या गळ्यातील नळीला रबरी पिशवी जोडून ती हाताने दाबण्याचा मार्ग दाखविला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस रुग्णांशेजारी बसून त्या पिशव्या दाबत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथे आहे. उशाशी बसलेला माणूस या शास्त्राला परका नाही.

आक्षेप आणि अनुभव

नातेवाईक आत आले तर जंतुसंसर्ग वाढेल, कामात व्यत्यय येईल, हा आक्षेप मीही घेत असे. ब्राझीलमधील 36 अतिदक्षता विभागांत यावर पद्धतशीर अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. आप्तांना आधी माहिती देऊन दिवसाला बारा तासांपर्यंत आत राहू दिले, तरी संसर्ग वाढला नाही. डेलिरियमचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले असेही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र आप्तांची चिंता आणि नैराश्य निश्चित कमी झाले. कुटुंबाचे मन सावरणे हा काय लहान लाभ आहे?

2020 साली कोरोनाच्या साथीत दारे पूर्ण बंद झाली. तेव्हा ते अपरिहार्य वाटले. पुढे एका भगिनीने मला विचारले, "शेवटी त्यांनी पाणी मागितलं होतं का?" मला उत्तर देता आले नाही. ते मौन आजही माझ्या सोबत आहे.

अधिकाराबरोबर कर्तव्यही

दार उघडायचे, तर आत येणाऱ्यांनीही शिस्त पाळली पाहिजे. कुटुंबाने एकच प्रतिनिधी नेमावा. डॉक्टरांशी त्याने बोलावे आणि इतरांना त्याने कळवावे. आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ धुवावेत. स्वतःला सर्दी-ताप असेल तर येऊ नये. परिचारिकेला विचारल्याशिवाय रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. तीर्थही नाही, चमचाभर चहाही नाही. नळी नुकतीच निघालेल्या रुग्णाच्या श्वासमार्गात तो घोट जाऊ शकतो. त्याऐवजी हात हातात घ्यावा, केस विंचरावेत, तळपायांना मलम चोळावे आणि बोलत राहावे. रुग्ण बेशुद्ध दिसला तरी त्याला काही ऐकू येत नाही असे गृहीत धरू नये. रोज काय घडले ते वहीत दोन ओळींत टिपावे. बरा झालेला रुग्ण हरवलेले दिवस त्या वहीत शोधतो.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना सांगणे एवढेच, की संशय बंद दाराआड वाढतो. आमची धावपळ ज्याने डोळ्यांनी पाहिली, तो मृत्यूनंतरही आमच्यावर धावून येण्याची शक्यता कमी. आप्तांना पाहुणे समजू नका, अडथळा तर मुळीच नाही. रुग्णाचा आजार आपण जाणतो. रुग्णाला ते जाणतात. उद्या सकाळी आपल्या विभागात गेलात, की बाहेर बसलेल्या कोणा एकाला एवढेच विचारा, "यांचा चष्मा कुठे आहे?"