बर्फाच्या पायावरची रेल्वे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे लेखी रूप)



तापमानवाढीवर बोला असे सेक्रेटरींनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी डिप्लोमावाला माणूस. रूळ, गिट्टी आणि भराव यांपलीकडे फारसे वाचन नाही. मग लक्षात आले की या विषयाचा एक भाग सरळसरळ भरावाचाच आहे. तेवढाच आज सांगतो.

थंड प्रदेश म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर येतात. पण थंडीचा फार मोठा साठा जमिनीखाली असतो. जी जमीन सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ शून्य अंशाखाली राहते तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सायबेरिया, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग आणि तिबेटचे पठार येथे ती पसरलेली आहे. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो. खालचा गोठलेलाच राहतो. काही ठिकाणी तर त्यात मातीपेक्षा बर्फच जास्त! गोठलेली असेपर्यंत ही जमीन काँक्रीटसारखी, वितळली की चिखल. आपल्याकडे काळ्या मातीवर काम केलेल्यांना कल्पना येईल. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि कॉशन ऑर्डर काही हटत नाही.

अशा जमिनीवरून चीनने गोलमुड ते ल्हासा हा १,१४२ किलोमीटरचा मार्ग बांधला. तो १ जुलै २००६ रोजी सुरू झाला. तांगुला खिंडीत रूळ ५,०७२ मीटर उंचीवर आहेत. प्रवाशांसाठी डब्यात प्राणवायूची सोय आहे, त्याचेच फोटो सगळीकडे छापून येतात. मला मात्र आकडा महत्त्वाचा वाटला तो दुसराच. यातला सुमारे ५५० किलोमीटर मार्ग पर्माफ्रॉस्टवर आहे, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या भागात जमिनीचे तापमान शून्याच्या जेमतेम एक अंश खाली. म्हणजे थोडी उष्णता वाढली की पाया गेलाच.

जवळूनच १९५४ साली झालेला रस्ता जातो. त्याच्यावर पुढे डांबर घातले. काळ्या डांबराने ऊन शोषले, खालचा बर्फ वितळला आणि रस्ता जागोजागी खचला. तेव्हा रेल्वेच्या वेळी चेंग ग्वोदोंग या शास्त्रज्ञांनी वेगळा विचार मांडला. उष्णता नुसती अडवून भागणार नाही, भराव मुद्दाम थंड केला पाहिजे.

तो कसा केला ते ऐकण्यासारखे आहे. भरावात मोठ्या दगडांचा, मधे पोकळ्या राहतील असा थर दिला. हिवाळ्यात वरची थंड, जड हवा या पोकळ्यांतून खाली उतरते आणि खालची उबदार हवा वर येते. उन्हाळ्यात गरम हवा वरच राहते, फिरत नाही, त्यामुळे तोच थर पांघरुणाचे काम करतो. दुसरा उपाय नळ्यांचा. भरावाच्या कडेने लोखंडी नळ्या रोवल्या, आत अमोनिया भरून बंद केलेल्या. हिवाळ्यात जमिनीतली उष्णता घेऊन खालचा अमोनिया वाफ होऊन वर जातो, बाहेरच्या थंडीने पुन्हा द्रव होतो आणि ओघळून खाली येतो. उन्हाळ्यात हे चक्र आपोआप थांबते. वीज नाही, पंप नाही, मोटर जळण्याची भीती नाही! जिथे हेही चालणार नव्हते तिथे पाणी नसताना पूल बांधले. छिंगश्वेहचा पूल ११.७ किलोमीटर लांब आहे. त्याखालून तिबेटी हरणांना जायला वाटही मिळाली.

आता तापमानवाढीचे. गोलमुडच्या बाजूला शीदातान भागात पर्माफ्रॉस्टची खालची हद्द १९७५ मध्ये ४,३६० मीटरवर होती, २००२ मध्ये ती ४,३८५ मीटरवर सरकलेली आढळली. फक्त पंचवीस मीटर, असे कुणी म्हणेल. पण चढ सौम्य असला की उंचीतला थोडा फरक आडव्या अंतरात बराच होतो, हे लेव्हल घेणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. तिथले गोठलेल्या जमिनीचे क्षेत्र सुमारे १२ टक्क्यांनी घटले. थंड प्रदेश असाच कडेकडेने आकसतो. डोंगरात वरच्या दिशेला, सपाटीवर उत्तरेला.

दगड आणि नळ्या हे सगळे हिवाळ्याच्या थंडीवर चालते. हिवाळाच उबदार होत गेला तर त्यांची ताकद तेवढी कमी. माझ्या मते हे उपाय उत्तम आहेत, पण ते मुदत वाढवून घेण्याचे आहेत.

आणि प्रश्न फक्त रुळांचा नाही. पर्माफ्रॉस्टमध्ये जुन्या वनस्पती-प्राण्यांच्या अवशेषांतला सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन अडकलेला आहे, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. वितळलेल्या भागात ते अवशेष कुजतात, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन बाहेर पडतात, आणि उष्णता आणखी वाढते.

कॅनडात हडसन उपसागरावर चर्चिल नावाचे गाव आहे. तिथे रस्ता जात नाही, १९२९ पासून रेल्वेच. तिचा उत्तरेकडचा भाग अशाच जमिनीवर आहे. २०१७ च्या मे महिन्यात पुराने मार्ग जागोजागी वाहून गेला. पूर हे कारण होते खरे, पण अशा जमिनीवर दुरुस्तीही सोपी नसते. जवळजवळ दीड वर्ष गाडी आली नाही. भाजी, दूध विमानाने यायचे, आणि त्याचे भाव काय असतील ते घरातल्या मंडळींनीच ठरवावे.

आरतीची घंटा झाली. प्रश्न असतील तर प्रसादाच्या वेळी विचारा, मी इथेच आहे.