पाण्याखालचा जमाखर्च

पाण्यात बुडणे फार सोपे आहे, असा माझा चाळीस वर्षे समज होता. पोहता न येणाऱ्याला तर ते आपोआपच साधते! परंतु पाठीवर हवेची टाकी बांधून ठरावीक खोलीवर जायचे, तेथे स्थिर राहायचे आणि बेताबेताने वर यायचे, हे काम किती हिशेबाचे आहे, ते मला मालवणजवळच्या तारकर्लीच्या समुद्रात उमगले.

नोकरीनिमित्त मी बेंगळूरला असतो. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या या शहरात समुद्रात बुडी मारण्याचे शिक्षण मिळते, हे ऐकून श्रोत्यांना हसू येईल. पण येथील पोहण्याच्या तलावांत हौशी मंडळी ही विद्या शिकतात आणि मग मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाची किंवा मालवणची वाट धरतात. मीही तसाच शिकलो. तलावात कमरेच्या पट्ट्यात तीन किलो शिसे ओवले की भागत असे. तारकर्लीस गेल्यावर मी त्यात अडीच किलोंची भर घातली. कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून शेकडा अडीचने जड, आणि मी व माझा सरंजाम मिळून भार शंभर किलोंचा. आर्किमिडीजचे स्मरण करून केलेल्या या गणितावर मी खूष होतो.

बुडी उत्तम झाली. परतताना पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन तेवढ्या वेळात सावकाश बाहेर पडतो. मी थांबू लागलो, पण थांबता येईना. पाणी मला वर ढकलू लागले. सोबतच्या मालवणी प्रशिक्षकाने माझा पाय धरला आणि आपल्या खिशातले एक शिसे माझ्या हातात कोंबले. वर आल्यावर तो म्हणाला, "टाकी हलकी झाली, सायबा. तुमच्या ध्यानात इला नाय."

खरोखरच आले नव्हते. हवेला वजन असते, हे शाळेत शिकलेले वाक्य मी पाण्याखाली नेलेच नव्हते. आपल्या किनाऱ्यावर सर्रास दिसणारी ॲल्युमिनियमची टाकी सुमारे 11 लिटर पाण्याच्या मापाची असते. 200 बारच्या आसपास दाबाने तिच्यात 2,200 लिटर हवा कोंबलेली असते, आणि त्या हवेचे वजन अडीच किलोंहून अधिक भरते. भरलेली टाकी समुद्रात अर्ध्यापाऊण किलोने खाली ओढते. रिकामी झाली की तीच सुमारे दोन किलोंनी वर ओढू लागते. तलावातली माझी परीक्षा भरलेल्या टाकीवर झाली होती. आम्हा सरकारी माणसांना आरंभीची शिल्लक पाहून खर्च मंजूर करण्याची खोड असते; येथे अखेरची शिल्लक पाहावी लागते.

पोलादी टाकी घेतली तर? ती रिकामी झाली तरी बहुधा किंचित जडच राहते, म्हणून पट्ट्यातले शिसे कमी लागते. पण ती हलकी होत नाही असे समजू नये. वापरलेल्या हवेचे वजन तिच्यातूनही तेवढेच जाते. शिवाय आत ओल राहिली तर ती गंजते. टाकी कोणतीही असो, खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख अवश्य वाचावी. आपल्याकडे या सिलिंडरांना 2016 चे नियम लागू आहेत, आणि ते राबवणाऱ्या खात्याचे मुख्यालय आहे नागपूरला. समुद्रापासून इतके दूर!

मग भीतीने शिसे वाढवत जावे काय? मुळीच नाही. जादा वजन पेलण्यासाठी अंगरख्यात जादा हवा भरावी लागते. वर येताना ती फुगते आणि माणसाला आणखी वेगाने वर नेते. दहा मीटरांवर घेतलेला श्वास पृष्ठभागावर दुप्पट होऊ पाहतो. अशा वेळी घाबरून श्वास रोखला, तर फुप्फुस फाटू शकते. तारकर्लीला माझा पाय कोणी धरला नसता तर, हा विचार त्या रात्री मला बराच वेळ सतावत राहिला.

दुसऱ्या दिवशी टाकी तीच होती. पट्ट्यात दोन किलो वाढवले. बुडी संपत आली तेव्हा टाकीत 50 बार उरले होते. अंगरखा रिकामा करून मी पृष्ठभागावर निश्चल राहिलो. नेहमीचा श्वास धरला तेव्हा पाणी डोळ्यांच्या रेषेत आले. श्वास सोडला आणि मी हळूहळू खाली गेलो. वहीत नोंद केली: ॲल्युमिनियमची टाकी, पातळ पोशाख, समुद्र, साडेसात किलो.