डब्यावरचा दुसरा आकडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने तान्ह्या मुलांच्या दुधावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु आमच्या शास्त्राचे एक जुने वैगुण्य येथेच उघडे पडते. आई मुलाला अंगावर पाजते तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नात एका पैशाचीही भर पडत नाही. तेच दूध तुटून घरात डबा आला, की उत्पन्न वाढल्याची नोंद होते!

डब्यांवर आकडे असतात. पहिला जन्मापासूनचा, दुसरा सहा महिन्यांनंतरचा, पुढे तिसरा, चौथा. जणू शाळेच्या इयत्ताच. मूल मोठे झाले, आता वरचा डबा घेतलाच पाहिजे, असे आईला वाटू लागते. ही गरज मुलाच्या पोटातून निघालेली नाही. ती बाजाराने निर्माण केली आहे.

कशी, ते पाहा. बालदुग्धाच्या विक्रीतंत्राविरुद्ध जगभर झालेल्या चळवळीनंतर मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ११८ विरुद्ध १ मताने आचारसंहिता संमत केली. विरोधी मत अमेरिकेचे होते. पुढे ब्रिटनसारख्या देशांत पहिल्या डब्याच्या जाहिरातीस बंदी झाली, दुसऱ्याच्या जाहिरातीस मात्र मुभा राहिली. नाव तेच, रंग तोच. दुसऱ्याची जाहिरात आपोआप पहिल्याचीही होते. वास्तविक १९८६ मध्येच आरोग्य परिषदेने ही 'पुढची दुधे' अनावश्यक असल्याचे ठरावात नमूद केले होते. आपल्याकडे १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती यांनी दोन वर्षांपर्यंतच्या सर्वच बालदुग्धाच्या जाहिरातीस मनाई केली. ही गोष्ट अभिमानाची खरी. पण दोन वर्षांपुढच्या पावडरींना ही मनाई नाही, आणि डबे एकमेकांची भावंडे शोभावीत असेच असतात.

शास्त्र काय सांगते? सहा महिन्यांनंतर मुलाला वरचे अन्न हवे: मऊ खिचडी, डाळ, भाजी, अंडे. लोहाची गरज तेथून भागवावयाची. आईचे दूध सोबत दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे. वर्षाच्या आत निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जा, आणि दुसऱ्या वर्षीही सुमारे एक तृतीयांश ऊर्जा त्यातून मिळू शकते. ज्या बाळाला आईचे दूध मिळत नाही, त्याला सहा ते अकरा महिन्यांत बालदुग्ध किंवा जनावराचे दूध चालते. वर्षानंतर मात्र या 'पुढच्या' दुधाची शिफारस नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनी मूल चार महिन्यांचे असताना पुन्हा कामे धरली. दूध कमी होत गेले, डबा आला. महिन्याचा डबा महिनाभर पुरेना, म्हणून त्या चमचे कमी घालून पाणी वाढवू लागल्या. बाळाचे वजन वाढेना. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे; पण मजुरी आणि डब्याची किंमत यांचा मेळ घालणाऱ्या त्या माउलीचा हिशेब माझ्या पाठ्यपुस्तकांहून खरा होता. चूक तिची नव्हती.

म्हणून मातांना उपदेश करणे हे आपले काम नव्हे. २०१७ मध्ये प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. पण ती मिळते नियमित नोकरीतल्या स्त्रीला. घरकामगार, ऊसतोडणी करणाऱ्या, बांधकामावरच्या स्त्रिया यांच्या वाट्याला तिचा एक दिवसही येत नाही. भरपगारी रजा नाही, कामाजवळ पाळणाघर नाही, आणि वर स्तनपानाची महती! हा दांभिकपणा आहे.

मित्रहो, आपापल्या भागात तीन गोष्टी करा. औषधाच्या दुकानात आणि प्रसूतिगृहात डब्यांचा प्रचार होत असेल तर लेखी तक्रार करा. अंगणवाडीतला आहार वेळेवर येतो का, ते पाहा. आणि असंघटित स्त्रीच्या प्रसूतिरजेची मागणी आपल्या प्रत्येक मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर लिहा. डब्यावरच्या आकड्यांना उत्तर द्यावयाचे, ते या आकड्याने.