कोल्चेस्टर: जळक्या मातीवरचे गाव



लंडनच्या ईशान्येस कोल्न नदीकाठी कोल्चेस्टर वसले आहे. ‘सिटी’ हा मान त्याला मिळाला २०२२ साली. पण ते गाव होऊन तेव्हा दोन हजार वर्षे उलटली होती. तेथे जुन्या वस्तीत पाया खणू लागले की खोलवर लाल-काळ्या मातीचा एक थर लागतो. आज मी मुख्यतः त्या थराविषयीच बोलणार आहे.

इ. स. ४३ मध्ये क्लॉडिअस बादशहा हे ठाणे घ्यायला जातीने आला. स्वारीच्या सरंजामात हत्तीही होते, असे एक रोमन इतिहासकार लिहितो. इंग्लंडात हत्ती! कल्पना करून पाहा. पुढे ४९ साली येथे निवृत्त शिपायांची वसाहत झाली. या शिपायांनी भोवतालच्या ट्रिनोव्हांटिस लोकांना घरादारांतून, शेतांतून हुसकून लावले. क्लॉडिअसच्या नावाने भव्य मंदिर उठले, त्याचा खर्चही स्थानिक लोकांच्याच बोकांडी बसला. आणि छावणीचा जुना तट? तो पाडून टाकला होता! जिंकलेले लोक उलटतील, हे कोणाच्या गावीही नव्हते.

उत्तरेकडील आइसीनी लोकांचा राजा वारला, तेव्हा रोमन अधिकाऱ्यांनी त्याचे राज्य लुटले, राणी बोडिसियाला फटके मारले, तिच्या मुलींची विटंबना केली. ६०-६१ साली ती उठली. मदतीला आले जेमतेम दोनशे शिपाई. उरलेले लोक मंदिरात शिरले आणि दोन दिवस टिकले. गावाची राख झाली. घरांच्या मातीच्या भिंती भट्टीतल्या विटांसारख्या भाजून निघाल्या. तोच हा थर. त्यात कोळसा झालेले खजूर सापडले आहेत. २०१४ साली एका दुकानाच्या जागी, घाईने पुरून ठेवलेले सोन्याचे दागिने मिळाले. पुरणारी व्यक्ती ते न्यायला परतली नाही. लुटारूंच्या घरातले म्हणून त्या दागिन्यांकडे पाहावे, की जीव मुठीत धरलेल्या माणसाचे म्हणून? मला तर दोन्ही खरे वाटते.

त्यानंतर रोमनांना शहाणपण सुचले; त्यांनी बांधलेला तट पुष्कळसा आजही उभा आहे. सुमारे हजार वर्षांनी नॉर्मन आले. त्यांनी त्याच मंदिराच्या चौथऱ्यावर, रोमन विटाच वापरून, प्रचंड किल्ला रचला. सोळाव्या शतकात फ्लँडर्सचे निर्वासित विणकर आले व लोकरी कापडाने गाव भरभराटले.

आणि १६४८! यादवी युद्धात राजपक्षाची फौज गावात घुसली. गावाचा कल पार्लमेंटकडे होता, पण विचारतो कोण? मग पार्लमेंटच्याच सेनापतीने, फेअरफॅक्सने, अकरा आठवडे वेढा घातला. लोकांनी घोडी, कुत्री, मांजरे खाल्ली. शरणागतीनंतर राजपक्षाच्या लुकस आणि लाइल या दोन सरदारांना किल्ल्याशेजारी गोळ्या घातल्या, आणि दंड भरावा लागला तो गावकऱ्यांना. त्या वेढ्यात मोडलेले सेंट बोटॉल्फचे प्रार्थनामंदिर पुन्हा कोणी बांधले नाही. त्याच्या उघड्या कमानींतही रोमन विटाच दिसतात.